आठ दहाची रिकामी गाडी

ती शांतता पावणेतीन मिनिटे टिकली. एम्लिन प्रॉसरला हे नेमके ठाऊक होते, कारण प्रतीक्षालयातले घड्याळ त्याच्या समोर होते आणि सभेचे इतिवृत्त त्याच्या हाताखाली. चिटणीस या नात्याने सभेत जे घडेल ते टिपणे हे त्याचे काम. पण काहीच न घडणे कसे टिपावे, याबद्दल संस्थेच्या नियमावलीत मार्गदर्शन नव्हते. त्याने 'सविस्तर चर्चा झाली' असे लिहिले आणि पुन्हा खोडले. तेरा माणसे आपापल्या कपातल्या चहात काही सापडते का, ते पाहत होती. बाहेर मार्चचे पातळ ऊन रुळांवर पडले होते आणि इंजिनात पाणी भरण्याच्या टाकीतून थेंब ठिबकत होता. (ही टाकी मूळ काळातही गळत असे, म्हणून सहा वर्षांपूर्वी ती गळती परिश्रमपूर्वक पुन्हा बसवण्यात आली.)

शांतता ज्या प्रश्नाने पसरली, तो विचारला होता एम्लिनच्या धाकट्या बहिणीने, मेन्नाने. ती समितीची सदस्य नव्हती. फलाटावरचे चहाघर अकरा वर्षे विनामोबदला चालवत असल्यामुळे तिला सभेत किटली घेऊन येण्याचा अधिकार होता, बोलण्याचा नव्हता. तरी तेराव्या माणसाला चहा देऊन झाल्यावर तिने किटली खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि विचारले,

"सकाळची आठ दहाची गाडी खाली रिकामीच जाते ना? मग तिच्यात मी बसले तर चालेल का? मला रोज अबरहेलिगला जायचं असतं."

रेल्वे ही माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असते, हा समज मानवजातीत फार खोलवर रुजलेला आहे. कूम हेलिग खोऱ्यातून तो उपटून काढण्यात 'कूम हेलिग रेल्वे जतन संस्थे'ला बऱ्याच अंशी यश आले होते. पण तण म्हटले की एखादे मूळ राहतेच.

ही रेल्वे साडेआठ मैलांची. वर डोंगराच्या बगलेत ब्लाएन हे गाव, खाली नदी समुद्रात हरवते तिथे अबरहेलिग हे शहर. १९६४ साली सरकारने 'बसायला कोणी नाही' या कारणास्तव गाडी बंद केली, आणि बंद होताच तिच्यावर सर्वांचा जीव जडला. माणसाच्या बाबतीतही आपण हाच क्रम पाळतो : जिवंतपणी पेजेला महाग, आणि तेराव्याला बुंदीच्या पंगती. पुढे खोऱ्यातल्या अकरा तरुणांनी गवतात बुडालेली वाट शोधून काढली, आणि चौदा हिवाळे, शनिवार-रविवार, पाऊस अंगावर घेत, रुळांखालचे लाकडी स्लीपर एकेक करून खांद्यावरून वाहून नवे रूळ घातले. त्या अकरांची नावे ब्लाएन स्टेशनच्या भिंतीवर पितळी पाटीवर आहेत. चौथे नाव ईवॉर रीस, म्हणजे मेन्नाचा नवरा. पाटीला दर शुक्रवारी पॉलिश होते.

आज संस्थेचे दोनशे चौदा स्वयंसेवक आहेत. त्यांचे सरासरी वय अडुसष्ट. त्यांपैकी खोऱ्यात राहणारे नऊ. उरलेले दूरदूरच्या शहरांतून मोटारीने येतात, कारण ब्लाएनला येण्यासाठी दुसरे साधन नाही. उपसमित्या एकतीस. डब्यांचा तांबडा रंग नेमका कोणता, हे ठरवणाऱ्या उपसमितीचे काम सहा वर्षे चालले, त्यात दोन मैत्र्या आणि एक विवाह संपुष्टात आला, आणि जो रंग निघाला तो खरोखर सुरेख आहे. गेल्या वर्षी एकेचाळीस हजार लोक गाडीत बसले. त्यांतले कुठेतरी पोचलेले : शून्य. सर्वजण जिथे बसले तिथेच उतरले, आणि समाधानाने उतरले.

गाडीची एक जुनी तसबीर उपलब्ध आहे, ती १३ जून १९५९ या शनिवारची. म्हणून संस्थेने ठराव करून काळ त्या दिवशी थांबवला. तसबिरीत जे आहे ते स्टेशनात असलेच पाहिजे आणि जे नाही ते असता कामा नये, हे काम 'अस्सलपणा उपसमिती' पाहते. दुधाचे तीन कॅन आहेत. एका पायाने लंगडे बाकडे आहे (पाय कापण्यासाठी शहरातून सुतार आणला होता). तसबिरीच्या कडेला एक माणूस फलाटावर गाडीकडे पाठ करून उभा आहे. तो कोण, कशासाठी उभा, हे कोणालाच माहीत नाही. पण तो आहे, म्हणून हंगामात रोज एक स्वयंसेवक राखाडी कोट घालून दहा पन्नास ते अकरा पाच गाडीकडे पाठ करून उभा राहतो. या कामाची नोंदणी दोन वर्षे आधी करावी लागते. लीड्सचे एक निवृत्त न्यायाधीश यासाठी चारदा आले, आणि त्यांनी अद्याप गाडी पाहिलेली नाही.

आता गाडीच्या फेऱ्यांविषयी. पाहुणे अबरहेलिगला बसतात, कारण तिथे मोटारी लावायला जागा आहे. ते साडेदहाला वर यायला निघतात, ब्लाएनला मेन्नाने पहाटे भाजून ठेवलेला मनुकांचा पाव खातात आणि पुन्हा खाली जातात. दुपारी पुन्हा तेच. परंतु इंजिनाची शेड ब्लाएनला असल्यामुळे सकाळी आठ दहाला गाडी आधी रिकामी खाली जाते आणि संध्याकाळी पावणेसहाला रिकामी वर येते. म्हणजे ज्या वेळी आणि ज्या दिशेने खोऱ्यातल्या माणसाला जायचे असते, नेमक्या त्या वेळी आणि त्या दिशेने गाडीत कोणी नसते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. हे केवळ वेळापत्रक आहे.

मेन्नाची निकड अशी. ईवॉर दोन वर्षांपासून अबरहेलिगच्या शुश्रूषागृहात होता. आठवणी त्याला एकेक करून सोडून गेल्या होत्या, संध्याकाळी बाजार उठत जातो तशा. मेन्ना कोण हे त्याला सांगता येत नव्हते. मात्र घास तो तिच्याच हातून घेई. परिचारिकेने भरवले तर घास गालात धरून बसे आणि ती वळली की पुसून टाकी. मागच्या हिवाळ्यात मेन्ना दोन आठवडे तापाने पडली, तेव्हा त्याचे अकरा पौंड वजन गेले. शुश्रूषागृहात जेवण साडेबाराला. मेन्ना रोज नऊच्या बसने जाई. ती बस एकतीस मार्चपासून बंद होणार होती. कारण, बसायला कोणी नाही. बस चालवणाऱ्या स्थानिक परिषदेने पर्याय म्हणून एक दूरध्वनी क्रमांक दिला होता. त्यावर संगीत लागे.

मेन्नाला मोटार चालवता येत नव्हती. एम्लिनकडे मोटार होती आणि बहिणीवर मायाही होती. नोव्हेंबर ते मार्च तिला रोज सोडण्याची तयारी त्याने कधीच दाखवली होती. हंगामात मात्र तो सकाळी साडेसातपासून स्टेशनमास्तर असे, आणि स्टेशनमास्तराने स्टेशन सोडल्याचे तसबिरीत दिसत नाही.

अध्यक्ष हॅदरसेज साहेबांनी शेवटी घसा साफ केला. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, मनाने हळवे होते, आणि नकार देताना समोरच्याचे नाव आदराने घेत.

"मिसेस रीस, तुमच्याबद्दल आम्हाला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. पण तुम्हीच विचार करा. त्या गाडीला आपण काय म्हणतो?"

"रिकामी गाडी."

"बरोबर. आणि तुम्ही बसलात की?"

उत्तर इंजिन ड्रायव्हर डिल्विन मॉर्गनने दिले. डिल्विनने आयुष्यभर दगडाच्या खाणीत काम केले होते आणि सभेत तो मुख्यतः बिस्किटांसाठी येई.

"मग तिला एक बाई असलेली गाडी म्हणा की. गाडीला काय फरक पडतोय? चार डबे ओढतोय मी रोज, नुसती हवा घेऊन. मी तर म्हणतो, माझ्याकडं पाठवा तिला, कोळशावर बसवून नेतो."

"कोळशावर बसायला तुझी बायको नाही मी," मेन्ना म्हणाली.

"ती पण नाही बसत गं. म्हणून तर तुला विचारतोय."

कोणी हसले नाही. हॅदरसेज साहेबांनी हरकती क्रमाने मांडल्या. गाडी रिकामी असल्याची नोंद विमापत्रात आहे. ब्लाएनहून निघणारे तिकीटच १९६४ नंतर छापलेले नाही. शिवाय आज एक बसली, उद्या दुसरी बसेल. कोणी दवाखान्यात जाईल, कोणी बाजारात. आणि एका सकाळी आपण उठून पाहू तर आपल्या रेल्वेची निव्वळ वाहतूक झालेली असेल. हे शेवटचे वाक्य बोलताना त्यांचा आवाज किंचित कापला. एम्लिनने इतिवृत्तात लिहिले : 'मिसेस रीस यांच्या सूचनेची सहानुभूतीपूर्वक नोंद घेण्यात आली.' सहानुभूतीपूर्वक हा शब्द त्याने स्वतःहून घातला. बहिणीसाठी माणसाने काहीतरी करायला हवे.

सभा संपल्यावर तो चहाघरात गेला. मेन्ना कप विसळत होती.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला.

"मला वाटून घ्यायला वेळ नाही. तो टॉवेल दे."

त्याने टॉवेल दिला. "नियम आहेत गं. मी एकटा काय करणार?"

"तू? तू लिहून घे. लहानपणापासून तेच करतोस. बाबा आणि आई भांडायचे तेव्हा पण तू वही घेऊन जिन्यावर बसायचास."

"मी कविता लिहायचो."

"तेच ते."

हा घाव एम्लिनच्या मर्मी बसला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने असे काही केले, जे संस्थेच्या इतिहासात कोणी केले नव्हते : त्याने प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. विनवणीने समिती हलणार नाही, हे त्याला कळत होते. दयेचा, वयाचा, पितळी पाटीचा उपयोग नव्हता. समिती एकाच गोष्टीपुढे मान तुकवी, ती म्हणजे पुरावा. त्याने दप्तरखान्यातल्या ओलसर पेट्या उघडल्या. आठव्या दिवशी, उंदरांनी कडा कुरतडलेल्या एका वहीत, त्याला १९५९ सालच्या स्टेशनमास्तराची टिपणे सापडली. तेरा जूनच्या पानावर बारीक, तिरक्या अक्षरात लिहिले होते :

'८.१० खाली. वेळेवर. प्रवासी : स्त्री, एक. मिसेस जी. प्रॉसर, टोपलीसह. नेहमीप्रमाणे.'

मिसेस जी. प्रॉसर म्हणजे त्याची आई.

तो बराच वेळ त्या 'नेहमीप्रमाणे'कडे पाहत बसला. आई अबरहेलिगच्या इस्पितळात चादरी धुवायला जात असे. तिच्या हातांना कपडे धुण्याच्या सोड्याचा वास येई, आणि तो वास असलेला हात कपाळावर आला की ताप उतरे. एवढे आयुष्य कोणाच्या तरी वहीत एका शब्दात मावले होते. मग त्याच्यातला चिटणीस भानावर आला आणि त्याने पानाच्या तीन प्रती काढल्या.

खास सभेत त्याने आयुष्यातले पहिले भाषण केले. युक्तिवाद बिनतोड होता. तेरा जूनला आठ दहाची गाडी रिकामी नव्हती. तिच्यात एक बाई होती. म्हणजे गेली पंचवीस वर्षे आपण ती गाडी रिकामी नेऊन इतिहासाशी प्रतारणा करीत आहोत. त्या गाडीत ब्लाएनची एक बाई टोपली घेऊन बसलीच पाहिजे. मेन्ना दाराशी किटली घेऊन उभी होती. तिने भावाकडे पाहिले, आणि सत्तर वर्षांच्या एम्लिनला आपण जिन्यावरून उठून उभे राहिल्यासारखे वाटले.

पुन्हा शांतता पसरली, पण ही निराळी होती. देवळात घंटा वाजून गेल्यावर राहते तशी. हॅदरसेज साहेबांच्या डोळ्यांत पाणी होते.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले. "प्रॉसर, पंचवीस वर्षं आपण चुकत होतो."

ठराव एकमताने संमत झाला. विमापत्रात दुरुस्ती करण्यास तीन दिवस लागले. ब्लाएनहून निघणारे तिकीट जुन्या पुठ्ठ्यावर, जुन्या यंत्रावर छापण्यात आले. आठवड्यापूर्वी अशक्य असलेल्या सर्व गोष्टी अशा भराभर शक्य झाल्या, आणि मग अस्सलपणा उपसमितीने 'आठ दहाची बाई' या पदासाठी अर्ज मागवले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण एम्लिनला तोवर कल्पना नव्हती. अर्ज ही औपचारिकता असते, असे त्याने मेन्नाला सांगितले. अर्ज एकसष्ट आले.

निवड चाचणी एका रविवारी फलाटावर झाली. उमेदवाराने फाटकातून टोपली घेऊन यायचे, तिकीट दाखवायचे, डब्यात खिडकीशी बसायचे आणि एकोणीसशे एकोणसाठ साल चेहऱ्यावर आणायचे. पन्नासपैकी गुण. मेन्नाला सतरा मिळाले, आणि परीक्षकांचे शेरे वाचल्यावर त्यांत अन्याय दाखवणे कठीण आहे. वय : मूळ व्यक्ती एकतीस वर्षांची, उमेदवार चौसष्ट. (मूळ व्यक्तीशी साम्य : नाक वगळता नाही.) पादत्राणे : आरामदायक. टोपली : टोपलीत प्लास्टिकचा डबा आढळला, त्यात मटण आणि लीकच्या कांदापातीची पातळ आमटी, प्रत्यक्ष खाण्याजोगी. बोलणे : स्थानिक, तथापि पाहुण्यांना स्थानिक वाटणार नाही. सर्वात मोठा दोष शेवटच्या रकान्यात होता : 'खिडकीबाहेर पाहताना उमेदवाराच्या नजरेत सहजता नाही. कुठेतरी पोचण्याची घाई दिसते.'

पद मिळाले सोलिहलच्या मिसेस डॅफ्नी कॉलिंगवुड यांना. गुण अठ्ठेचाळीस. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, त्रेचाळीस वर्षांच्या, पण टोपी घातली की एकतिसाव्या वर्षात जात. त्या स्वभावाने अतिशय चांगल्या होत्या. दोन आठवडे त्यांनी जुन्या बायका कशा बसत याचा अभ्यास केला होता. रोज पहाटे त्या मोटारीने तीन तास प्रवास करून ब्लाएनला येणार, आठ दहाला खाली जाणार, आणि खाली त्यांचे काही काम नसल्यामुळे साडेदहाच्या गाडीने लगेच वर येणार होत्या.

नकाराचे पत्र चिटणिसाच्या सहीने जाते. एम्लिनने ते टंकलिखित केले, पाकिटात घातले, तिकीट लावले, आणि मग टपालाने पाठवणे भ्याडपणाचे वाटून चार घरे चालत जाऊन स्वतः नेऊन दिले.

"काय आहे हे?" मेन्नाने विचारले.

"पत्र."

"ते दिसतंय. माझा चष्मा आत आहे. वाच तूच."

"आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे," एम्लिन वाचू लागला. "अर्जांचा दर्जा अत्यंत उच्च असल्याने..."

"पुरे." तिने पत्र घेऊन चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीखाली ठेवले. "ती बाई बसणार. ठीक आहे. चार डबे आहेत. मी शेवटच्यात बसेन, तोंड लपवून."

एम्लिनने खाली पाहिले. "एक असं लिहिलंय वहीत. स्त्री, एक."

"म्हणजे दोन झाल्या तर?"

"चूक होईल."

मेन्ना हसली. ते हसू पाहून त्याला ती ओरडली असती तर बरे, असे वाटले.

"आई आज आली असती ना रे, आपली खरी आई, तर तिला तरी घेतलं असतं का तुम्ही?"

एम्लिनने प्रामाणिकपणे विचार केला. "उंचीच्या निकषात बसली असती," तो म्हणाला.

"ती झोपायची त्या गाडीत. माहीत आहे ना? तोंड उघडं टाकून, घोरत. गार्ड उठवायचा तिला अबरहेलिगला. तुमच्या त्या बाईला सांगा, झोप म्हणावं."

ही माहिती एम्लिनने अस्सलपणा उपसमितीला कळवली. उपसमितीने तिची दखल घेतली, आणि लेखी पुरावा नसल्याने ती परिशिष्टात ठेवली.

एकतीस मार्चला बस बंद झाली. हंगाम सुरू होईपर्यंतचे दिवस एम्लिनने मेन्नाला रोज मोटारीने नेले आणि आणले. वाटेत दोघे हवेबद्दल बोलत. हंगाम सुरू झाल्यावर काय, हे ती विचारत नव्हती आणि तो सांगत नव्हता. वळणावळणाला रूळ दिसत, धुतलेले, चकचकीत, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. शुश्रूषागृहाच्या खिडकीशी ईवॉर बसलेला असे. एकदा शेडमध्ये इंजिनाची चाचणी चालू होती आणि शिट्टी खोऱ्यातून उतरत तिथवर आली, तेव्हा त्याने चमचा तोंडाशी असताना मान वर केली आणि तो म्हणाला, "आली." आणि मग घास गिळला. एम्लिनने हे कुठेही टिपले नाही.

ईस्टरच्या शनिवारी हंगाम उघडला. आठ दहाच्या बाईची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. पाहुणे पहिल्यांदाच भल्या सकाळी मोटारी घेऊन वर ब्लाएनला आले होते. फलाटावर सत्तरेक माणसे होती. एम्लिन गणवेशात, हिरवे निशाण काखेत, शिट्टी गळ्यात. मेन्ना फाटकाशी उभी होती. खांद्यावर पिशवी, पिशवीत डबा.

"तू कशाला आलीस?" त्याने हळूच विचारले.

"बघायला. आज आई जाणार ना."

मिसेस कॉलिंगवुड आल्या, तेव्हा फलाटावर कुजबुज थांबली. तपकिरी कोट, टोपी, टोपली, टोपलीवर चौकड्यांचे फडके. पाठमोऱ्या त्या एम्लिनला खरोखर आईसारख्या दिसल्या. त्या मेन्नापाशी थांबल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मला फार संकोच वाटतोय हो. तुमच्या आईंबद्दल काहीतरी सांगा ना. काहीही. त्या इथे उभ्या असायच्या तेव्हा त्यांच्या मनात काय असेल?"

"गाडी चुकू नये," मेन्ना म्हणाली.

मिसेस कॉलिंगवुड यांना हे इतके आवडले की त्यांनी ते दोनदा पुटपुटले. मग त्या दुसऱ्या डब्यात चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि दूरच्या टेकडीकडे अशा नजरेने पाहू लागल्या की त्यांना कुठेही जायचे नसल्याची सर्वांची खात्री पटली. इंजिनातून डिल्विनने डोके बाहेर काढले. त्याने मेन्नाकडे पाहिले, एम्लिनकडे पाहिले, आणि कोळशाच्या ढिगाऱ्यावर दोनदा फावडे आपटले. एम्लिनने घड्याळ पाहिले. आठ वाजून नऊ मिनिटे झाली होती. पुढच्या एका मिनिटात त्याला पुष्कळ काही करता आले असते, आणि त्या मिनिटातला प्रत्येक सेकंद त्याला स्वतंत्रपणे जाणवला. मग आठ वाजून दहा मिनिटे झाली. त्याने निशाण वर केले.

गाडी वेळेवर सुटली. चार डबे, एक बाई.

वाफ विरली, आणि मागे कोळशाचा गोडसर वास राहिला. पाहुण्यांपैकी पुष्कळांचे डोळे ओले होते. अभिप्रायाच्या वहीत त्या दिवशी सरासरी पाचपैकी चार पूर्णांक नऊ पडले. (एक दशांश कमी पडण्याचे कारण : स्वच्छतागृह.) मेन्ना फाटक उघडून रस्त्याकडे वळत होती, एवढ्यात एका गृहस्थाने तिला थांबवले. गृहस्थ सभ्य होता. वाचणारा होता, जुन्या गोष्टी नाहीशा होताना ज्याला आत काहीतरी तुटल्यासारखे वाटते, अशांपैकी. सुट्टीत तो गर्दीची ठिकाणे टाळून, मुद्दाम अशा आडगावी जाई आणि तिथल्या माणसांशी दोन शब्द बोलल्याशिवाय परतत नसे.

"तुम्ही इथल्याच ना?" त्याने विचारले. "किती भाग्यवान आहात हो! अशी गाडी दाराशी. आमच्याकडं आता असं काही राहिलंच नाही. तुम्ही नेहमी हिच्यानंच जात असाल?"

प्रश्नात काही खोट नव्हती. आपणही तोच विचारला असता. मागच्या सुट्टीत, दुसऱ्या एखाद्या डोंगरात, फाटकाशी उभ्या असलेल्या कोणाला तरी, बहुधा विचारलाही असेल. (उत्तर काय मिळाले होते, ते आठवून पाहावे.)

एम्लिन फलाटावरून पाहत होता. त्याच्या हातातले निशाण अजून उघडेच होते. आठ वाजून सोळा मिनिटे झाली होती. रस्ता साडेआठ मैलांचा होता, आणि जेवण साडेबाराला. मेन्नाने त्या गृहस्थाकडे नीट पाहिले, पिशवीचा पट्टा खांद्यावर वर सरकवला, आणि अबरहेलिगच्या रस्त्याने चालू लागली.